वसतिगृहात प्रवेश मिळतो, नेटवर्कमध्ये मिळत नाही

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यासारख्या गावातून बारावीनंतर पुढे शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या वाटा साधारण ठरलेल्या असतात. जवळ भोकरदन, मग जालना, आणि गुणांनी साथ दिली तर छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई. घरातून बाहेर पडताना गादी, पेटी, ताट-वाटी यांच्या जोडीला आता एक लॅपटॉपही असतो. बरेचदा तो जुना, कुणाकडून तरी घेतलेला असतो, पण घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला असतो. या मुलांचा महाविद्यालयापर्यंतचा सगळा प्रवास इंटरनेटवरून झालेला असतो. सीईटीचा अर्ज, कॅपच्या फेऱ्या, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, यातलं काहीच कागदावर होत नाही. एवढं करून वसतिगृहाची खोली मिळते, आणि तिथे लॅपटॉप उघडल्यावर पडद्यावर दिसतं की वायफाय जोडलेलं आहे, पण नेट चालत नाही. माहितीपत्रकात मात्र ‘वायफाय सुविधा उपलब्ध’ ही ओळ छापलेली असते. ही ओळ खरी ठरते की नाही, हे संस्थेने किती वेगाची लाइन घेतली यावरून ठरत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा संगणक त्याच्या स्वतःच्या नावाने नेटवर्कला जोडून दिला गेला का, यावरून ते ठरतं. वसतिगृहाच्या प्रवेशात खाट आणि कपाट जसं धरलेलं असतं, तशी ही जोडणीही धरलेली असावी, आणि ती करून देण्याची जबाबदारी संस्थेची असावी, असं माझं म्हणणं आहे.

ते पटण्यासाठी जोडणी म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी पाहिलं पाहिजे. लॅपटॉप वायफायला जोडतो तेव्हा एकामागून एक चार कामं पार पडतात. पहिलं रेडिओचं. खोलीतल्या यंत्राला व्हरांड्यातल्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वायफाय पसरवणाऱ्या डबीच्या, लहरी ऐकू आल्या पाहिजेत आणि त्याचं बोलणं तिथपर्यंत पोचलं पाहिजे. दुसरं ओळखीचं. हा विद्यार्थी आपलाच आहे, याची नेटवर्कला खात्री पटली पाहिजे. तिसरं पत्त्याचं. आत आलेल्या यंत्राला नेटवर्क एक आयपी पत्ता काही काळापुरता देतं, कारण पत्त्याशिवाय त्याच्याकडे माहिती पाठवताच येत नाही. चौथं बाहेरच्या वाटेचं. संस्थेच्या फायरवॉलमधून, घेतलेल्या लाइनवरून जगाशी संपर्क व्हायला हवा. यातलं एक जरी काम अडलं तरी विद्यार्थ्याच्या तोंडी तक्रार एकच असते, ‘नेट येत नाही.’ ऐकणाराही बहुधा एकच उत्तर देतो, ‘तुझ्याच लॅपटॉपमध्ये काहीतरी प्रॉब्लेम असेल.’ हे उत्तर किती वेळा चुकीचं असतं, हे एकेक पायरी तपासली की कळतं.

पत्त्याचंच घ्या. लहान संस्थांमध्ये नेटवर्क बहुतेक वेळा जसं मिळालं तसंच वापरलं जातं, आणि अशा मांडणीत वाटायला २५४ पत्ते असतात. त्यातला एक राउटरकडेच राहतो. समजा वसतिगृहात २०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाकडे एक फोन आणि एक लॅपटॉप आहे. यंत्रं झाली ४००, पत्ते २५३. त्यात एकदा दिलेला पत्ता चोवीस तास त्याच यंत्राच्या नावे ठेवायचा, अशी मांडणी असेल तर सकाळी ज्यांचे फोन आधी जोडले गेले त्यांचे पत्ते ते फोन वर्गात गेले तरी अडकून राहतात. संध्याकाळी लॅपटॉप उघडणाऱ्याला पत्ताच मिळत नाही. मग त्याचं यंत्र १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतं. खोलीतला विंडोजचा पडदा ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ म्हणतो तेव्हा नेटवर्कच्या तपशिलात हा १६९.२५४ दिसला, तर दोष लॅपटॉपचा नसून पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेपर्यंत तो पोचू शकलेला नाही किंवा तिच्याकडचे पत्ते संपले आहेत, असं बहुतेक वेळा समजावं. दुरुस्ती सोपी असते. पत्त्यांचा साठा वाढवायचा आणि मुदत कमी करायची. पण ती संस्थेच्या खोलीत बसून करावी लागते, विद्यार्थ्याच्या नाही.

रेडिओच्या पायरीवरही तसंच. वायफायचे नेहमीचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याच्या लहरी भिंतीपलीकडे जास्त पोचतात, पण त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन, १, ६ आणि ११. दुसऱ्यात जागा भरपूर, पण जाड भिंतीपुढे त्याचा जोर कमी पडतो. जुन्या, स्वस्तातल्या लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड अनेकदा फक्त २.४ वरच चालतं. संस्थेने वेगासाठी नेटवर्क ५ वरच ठेवलं असेल, तर अशा लॅपटॉपच्या यादीत त्या नेटवर्कचं नावच दिसत नाही. शेजारच्या मुलाच्या नव्या फोनवर ते दिसतं, म्हणून आपलं यंत्र बिघडलं असं त्याला वाटतं. नेट चालत नाही म्हणून प्रत्येक जण फोनचा हॉटस्पॉट सुरू करतो, आणि त्या डझनभर हॉटस्पॉटच्या गोंगाटात २.४ च्या तीन वाहिन्या आणखी तुंबतात. जुन्या लॅपटॉपचं आणखी एक दुखणं असतं. आतली छोटी बॅटरी संपली की बंद केल्यावर त्याचं घड्याळ काही वर्षं मागे जातं. सुरक्षित जोडणीत नेटवर्क आपली ओळख पटवायला जे डिजिटल प्रमाणपत्र दाखवतं, त्यावर ‘कधीपासून कधीपर्यंत वैध’ हे लिहिलेलं असतं. घड्याळ मागचं वर्ष दाखवत असेल तर लॅपटॉपच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, आणि तो जोडणी नाकारतो. तारीख दुरुस्त केली की अडचण संपते. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्याने आठवडा वाया जातो, आणि ज्याच्या घरात यापूर्वी कुणी संगणक वापरलेला नाही, त्याचाच तो आधी जातो.

आता ओळखीच्या पायरीकडे येऊ. माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. वसतिगृहात ओळख पटवण्याच्या तीन रीती दिसतात. पहिली सगळ्यांना एकच पासवर्ड देण्याची. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना एकच किल्ली द्यावी, तसं हे असतं. कुणी सोडून गेलं तरी किल्ली त्याच्याकडे राहते आणि कुलूप बदलायचं तर सगळ्यांचीच किल्ली बदलावी लागते. शिवाय आजही सर्रास वापरात असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत, हा सामाईक पासवर्ड माहीत असणारा माणूस दुसऱ्याची जोडणी होताना ती टिपून ठेवू शकला, तर पुढची हवेतली देवाणघेवाण त्याला उलगडता येते. बँक आणि ईमेलसारख्या सेवांवर वेगळं कुलूप असतं हे खरं, पण म्हणून बाहेरचं दार उघडं टाकायचं कारण नाही. दुसरी रीत लॉगिन पानाची. वायफाय खुलं असतं आणि ब्राउझर उघडला की नाव-पासवर्ड विचारणारं पान यायला हवं. पण आज बहुतेक सगळी संकेतस्थळं सुरक्षित जोडणीवर चालतात, आणि अशा जोडणीच्या मध्ये घुसून आपलं पान दाखवणं नेटवर्कला जमत नाही, जमूही नये. म्हणून ते पान कधी येतं, कधी येत नाही. फोनमध्ये व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस चालू असेल तर बहुधा येतच नाही. काही संस्था याच्या जोडीला यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या वायफाय कार्डाचा ठरलेला क्रमांक, नोंदवून घेतात. पण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खासगीपण जपण्यासाठी आपला खरा मॅक पत्ता लपवतात आणि नेटवर्कागणिक वेगळा बनावट पत्ता सांगतात. नोंद एका पत्त्याची आणि दारात उभा दुसराच, अशी गत होते. तिथेही बोल विद्यार्थ्यालाच लागतो.

तिसरी रीत प्रत्येकाला स्वतःची ओळख देण्याची. तिला डब्ल्यूपीए एंटरप्राइज म्हणतात. विद्यार्थ्याला स्वतःचं नाव आणि पासवर्ड मिळतो, दारातला अ‍ॅक्सेस पॉइंट ते मागे रेडिअस नावाच्या सर्व्हरला विचारतो, आणि होकार आला की त्या एकट्या यंत्रासाठी वेगळी गुप्त किल्ली तयार होते. एकाची देवाणघेवाण दुसऱ्याला उलगडत नाही. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला की त्याचं एक खातं बंद करायचं, बाकीच्यांना धक्का लागत नाही. नवा फोन घेतला तरी कार्यालयाच्या पायऱ्या चढायला नकोत. या रीतीत एकच नाजूक जागा आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. पहिल्यांदा जोडताना विंडोज साधारण असं विचारतो की या ठिकाणी हेच नेटवर्क असणं तुम्हाला अपेक्षित असेल तर पुढे जा, नाहीतर हे त्याच नावाचं दुसरंच नेटवर्क असू शकेल. अँड्रॉइडवर ‘सीए सर्टिफिकेट’ आणि ‘डोमेन’ अशा रिकाम्या चौकटी समोर येतात. इथे नेमकं काय भरायचं, कुठल्या नावाचं प्रमाणपत्र दिसायला हवं, हे विद्यार्थ्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो मिळेल ते बटण दाबतो. कुणी वसतिगृहाच्या नेटवर्कचंच नाव देऊन खोटा अ‍ॅक्सेस पॉइंट उभा केला असेल, तर त्या एका बटणाने त्याचा पासवर्ड चोराच्या हाती जाऊ शकतो. म्हणून नुसता पासवर्ड देऊन भागत नाही. प्रमाणपत्रावर कोणतं नाव दिसायला हवं आणि वेगळं दिसलं तर का थांबायचं, हे मराठीत, चित्रासह, एका पानावर छापून हातात द्यायला हवं.

ही रीत काही परदेशातून काल-परवा आलेली अपूर्वाई नाही. भारतात शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेटची सुरुवात १९८६ साली झाली, तेव्हा त्यात आयआयटी मुंबई आणि मुंबईतलंच राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) या दोन्ही संस्था होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे या देशात नेटवर्कची वाट विद्यापीठांतून सामान्य घरांकडे आली. आज हेच अर्नेट भारतात एड्युरोम ही सेवा चालवतं. २००० नंतरच्या पहिल्याच काही वर्षांत युरोपातल्या विद्यापीठांनी सुरू केलेल्या आणि आता १०० हून अधिक देशांत पोचलेल्या या व्यवस्थेत विद्यार्थी आपल्या संस्थेचं नाव आणि पासवर्ड वापरून दुसऱ्या सदस्य संस्थेत नेटला जोडला जातो. तो पासवर्ड पाहुण्या संस्थेला दिसत नाही, तपासणी त्याच्या मूळ संस्थेतच होते. संभाजीनगरचा विद्यार्थी प्रकल्पासाठी मुंबईत आला, आणि दोन्ही संस्था सदस्य असल्या, तर त्याने लॅपटॉप उघडायचा एवढंच. प्रत्येकाला स्वतःची ओळख द्यायची, हे तत्त्व इतक्या देशांत आणि इतकी वर्षं टिकलं आहे. ते मराठवाड्यातल्या वसतिगृहाला जड जाण्याचं कारण नाही.

यावर पहिला आक्षेप हमखास येतो. प्रत्येकाच्या फोनमध्ये डेटा आहे, मग वसतिगृहाच्या वायफायचं एवढं काय? डेटा आहे हे खरं, आणि साध्या वाचनाला तो पुरतोही. पण रोजच्या एक-दोन जीबीच्या मर्यादेत विंडोजचं एखादं मोठं अपडेट आणि अभ्यासाचं सॉफ्टवेअर उतरवलं की दिवस संपतो. २०२४ च्या जुलैत खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले, त्याची झळ शिष्यवृत्तीवर महिना काढणाऱ्यांनाच आधी बसली. याहून मोठं कारण वेगळं आहे. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ ला ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ती ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली. अशी नियतकालिकं उघडताना वाचक सदस्य संस्थेतला आहे हे ओळखण्याची सर्वांत रुळलेली खूण म्हणजे त्या संस्थेच्या नेटवर्कचा आयपी पत्ता. मोबाइल डेटावरून गेलेल्या विद्यार्थ्याकडे ती खूण नसते. लॉगिन करून बाहेरून वाचायची सोय असली तरी ती वेगळी शिकून घ्यावी लागते. जनतेच्या पैशाने विकत घेतलेलं ज्ञान वसतिगृहाच्या खोलीत एका क्लिकवर उघडायचं असेल, तर खोली संस्थेच्या नेटवर्कमध्ये असायला हवी.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि रेक्टरांचा. रात्रभर नेट दिलं तर मुलं गेम खेळतील, सिनेमे पाहतील, सकाळच्या तासाला झोपतील. ही काळजी खोटी नाही. २००७ साली आयआयटी मुंबईने वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा घसरलेली हजेरी आणि खोलीत कोंडून घेणारी मुलं हीच कारणं दिली गेली. पण तेव्हा खोलीतली तार हा जगाशी जोडणारा जवळजवळ एकच मार्ग होता. आज संस्थेचं नेट बंद केलं की ज्याच्याकडे पैसे आहेत तो मोबाइल डेटावर तेच करत राहतो. नेट बंद होतं ते ज्याचा रिचार्ज संपला आहे त्याचंच, आणि त्याच्याबरोबर त्याचा उद्याचा प्रकल्पही अडतो. स्वतःची ओळख असलेल्या व्यवस्थेत याला सरसकट बंदीपेक्षा नेमका इलाज आहे. माणशी वेगाची मर्यादा घालता येते, आणि गैरवापर झाला तर त्या एका खात्यापुरतं बोलता येतं. मुलींच्या वसतिगृहांबाबत तर हा मुद्दा जास्त टोकदार आहे. मुलींना संध्याकाळी लवकर आत यावं लागतं, त्या वेळी ग्रंथालय आणि संगणक कक्ष त्यांच्यासाठी संपलेला असतो. खोलीतलं नेटवर्क हेच त्यांचं रात्रीचं ग्रंथालय. केरळात कोझिकोडजवळच्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा फोन वापरायचा नाही असा नियम होता. तो न पाळल्याने वसतिगृहातून काढल्या गेलेल्या विद्यार्थिनीने दाद मागितली, आणि १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं सांगून तिला परत घेण्याचा आदेश दिला. हा निकाल महाराष्ट्रातल्या संस्थांवर थेट बंधनकारक नाही. पण शिस्तीच्या नावाखाली अभ्यासाचं साधनच काढून घेता येत नाही, हे त्यातलं तर्कशास्त्र इथेही तितकंच लागू पडतं.

तिसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. प्रत्येकाचं नाव जोडणीला चिकटवलं की कोण कधी काय पाहतो यावर पाळत ठेवणं सोपं होईल. भीती रास्त आहे. म्हणून नोंदींची हद्द आधीच आखली पाहिजे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. कुठलं खातं कधी जोडलं गेलं आणि त्याला कुठला पत्ता दिला, ही नोंद सुरक्षिततेसाठी लागते. विद्यार्थिनी कुठल्या पानावर किती वेळ होती, हे रेक्टरच्या टेबलावर येण्याचं काहीही कारण नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती वापरायची, हे त्याचं मूळ सूत्र. कुठली नोंद ठेवली जाते, किती दिवस, आणि कुणाला पाहता येते, या तीन गोष्टी प्रवेशाच्याच कागदावर लिहून द्याव्यात. सामाईक पासवर्डमुळे पाळत टळते असं मानणं मात्र चूक आहे. तिथे एखादा गुन्हा घडला तर नेमका कोण ते सापडत नाही, आणि संशय सगळ्या मजल्यावर येतो.

उरला पैशाचा प्रश्न. अ‍ॅक्सेस पॉइंट, त्यांच्यापर्यंतची तार आणि बाहेरची लाइन यांना खर्च येतो, तो नाकारता येणार नाही. पण ‘वायफाय उपलब्ध’ म्हणणाऱ्या संस्थेने तो आधीच केलेला असतो. स्वतःच्या ओळखीसाठी लागणारा फ्रीरेडिअस हा सर्व्हर मोफत आहे, तो साध्या संगणकावर चालतो, आणि मोठ्या संस्थांसाठी बनवलेल्या बहुतेक अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये ही सोय मुळातच असते. कमी पडतं ते मनुष्यबळ. खाती उघडायला, पत्त्यांचा हिशेब ठेवायला, पहिल्या आठवड्यात मुलांसोबत बसायला माणूस लागतो. त्यावरही उपाय संस्थेच्या आतच आहे. वरच्या वर्गातले संगणकशाखेचे चार विद्यार्थी ‘कमवा आणि शिका’ योजनेखाली प्रवेशाच्या आठवड्यात रोज संध्याकाळी दोन तास वसतिगृहात बसले, तर जोडण्या होतील आणि त्यांनाही खऱ्या नेटवर्कचा अनुभव मिळेल.

म्हणून येत्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी शुल्क आणि मेसच्या बरोबरीने आणखी काही प्रश्न विचारावेत. माझ्या मुलीला स्वतःचं खातं मिळणार की सगळ्यांचा एकच पासवर्ड? ते कोणत्या तारखेपर्यंत चालू होईल? जोडणी झाली नाही तर तक्रार कुणाकडे करायची आणि तिचं उत्तर किती दिवसांत मिळेल? जुन्या लॅपटॉपसाठी २.४ गिगाहर्ट्झवर नेटवर्क ठेवलं आहे का? जोडणीच्या सूचना मराठीत आहेत का? प्राचार्यांनी आणि रेक्टरांनी याची उत्तरं लेखी द्यावीत, आणि पहिला महिना संपताना किती विद्यार्थ्यांची खाती खरोखर वापरात आली, हा आकडा स्वतः तपासावा. शहरातल्या मुलाला अडचण आली तर त्याच्या ओळखीत सांगणारा कुणीतरी निघतोच. केदारखेड्याच्या मुलीला ती ओळख संस्थेनेच पुरवायची असते, कारण प्रवेश देताना तिला बरोबरीने शिकवण्याची हमी संस्थेने दिलेली असते.